माणकांच्या गावचा ताप

कंबोडियाच्या पश्चिम टोकाला, थायलंडच्या हद्दीला जवळजवळ खेटून, पैलिन नावाचं गाव आहे. गावालगत टेकडी, टेकडीवर देऊळ आणि त्या देवळाशी जोडलेली एक म्हातारी, यात आजी. तिची गोष्ट तिथे अजून सांगतात. शिकाऱ्यांनी रान ओसाड करायला घेतलं होतं, तेव्हा आजीने त्यांना थांबवलं. जनावरं मारणं सोडा, त्या ओढ्यावर जा, तुमची पोटं भरतील एवढं तिथे आहे, असं ती म्हणाली. शिकारी ओढ्यावर गेले, तर पाण्यात पाणमांजरं खेळत होती आणि त्यांच्या तोंडात रंगीत खडे चमकत होते. ‘खेळणारं पाणमांजर’ अशा अर्थाच्या ख्मेर शब्दांवरून पैलिन हे नाव पडलं म्हणे.

पाणमांजरांचं काही असो, खडे खरे होते. माणिक आणि त्याहून जास्त नीलम. रत्नांच्या बाजारात पैलिनच्या गडद निळ्या नीलमाचं नाव आजही घेतलं जातं. मात्र आणखी एका वर्तुळात हे गाव तितकंच प्रसिद्ध आहे. हिवतापावर काम करणारे डॉक्टर आणि जनुकशास्त्रज्ञ पैलिनला ओळखतात ते औषधं हरली ती जागा म्हणून. विसाव्या शतकातलं सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं औषध म्हणजे क्लोरोक्विन. हिवतापाचा परजीवी त्याला दाद देईना झाला, याच्या पहिल्या खुणा १९५७च्या सुमारास या सरहद्दीवर दिसल्या. पन्नास वर्षांनी आर्टेमिसिनिन हे नवं ब्रह्मास्त्र बोथट होऊ लागलं, तेही इथेच.

एकाच कोपऱ्यात हे दोनदा घडलं. योगायोग म्हणून ते सोडून देता येत नाही. त्याचा उलगडा करायचा तर परजीवीच्या जनुकांकडे जाण्याआधी खाणीत उतरावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशातून, मुख्यतः शान मुलखातून, रत्नांची पारख असलेले लोक इथे येऊन राहिले. त्यांना कोला म्हणत. तेव्हा बट्टंबाँगचा हा सगळा प्रदेश सयामच्या राजाकडे होता. १९०७ साली तो फ्रेंचांच्या इंडोचायनात गेला. राज्य बदललं तरी खड्ड्यांत कोलाच होते. खाण म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात तसे बोगदे किंवा लिफ्ट इथे नव्हते. जमिनीत काही हात खोल खड्डा घ्यायचा, खडीचा थर लागला की ती खडी टोपलीत भरून ओढ्यावर न्यायची, चाळणीत धुवायची आणि उरलेल्या दगडगोट्यांत डोळे घालून बसायचं. खड्ड्यात काही लागलं नाही की तो तसाच टाकून शेजारी दुसरा घ्यायचा. पावसाळ्यात हे सोडून दिलेले खड्डे भरत.

मुंबईकरांच्या ओळखीचा हिवतापाचा डास म्हणजे अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्सी. विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावरचं साठलेलं पाणी ही त्याची घरं. पैलिनचा डास रानातला. अ‍ॅनॉफिलीस डायरस हा झाडांच्या सावलीतल्या लहानशा डबक्यात वाढतो. जनावराच्या खुरानं पडलेला खळगाही त्याला पुरतो. रानातला रत्नांचा खड्डा म्हणजे त्याच्यासाठी आयता वाडा. आणि वाड्याशेजारीच, ताडपत्रीच्या आडोशाला, उघड्या अंगाने झोपलेली माणसं.

ही माणसं कुठली, हा इथला कळीचा प्रश्न. हिवतापाच्या प्रदेशात लहानाचा मोठा झालेला माणूस अनेक ताप पचवून थोडाफार निर्ढावतो. त्याच्या रक्तात परजीवी असले तरी तो कामाला जाऊ शकतो, औषधाच्या वाटेला जातही नाही. पैलिनला खडे शोधायला येणारे मात्र बहुतेक भातशेतीच्या सपाट मुलखातले होते, जिथे हा डासच नाही. त्यांच्या अंगात कसलीच ताकद जमलेली नसे. पहिलाच ताप त्यांना आडवा करी. मग हाताशी असेल ते औषध घ्यायचं, उतार पडला की उरलेल्या गोळ्या खिशात ठेवायच्या आणि पुन्हा खड्ड्यात उतरायचं. इथे जवळजवळ प्रत्येक परजीवीची गाठ कधी ना कधी औषधाशी पडत होती. आफ्रिकेतल्या खेड्यात असं होत नाही. तिथे बहुसंख्य परजीवी औषध न घेणाऱ्या, आजारी न दिसणाऱ्या माणसांत सुखाने नांदत असतात.

आता परजीवीकडे. प्लाझमोडियम फाल्सिपेरम. आपल्याकडचे आरोग्य कर्मचारी ज्याला नुसतं ‘पीएफ’ म्हणतात तो. त्याच्या जनुकसंचाची पूर्ण अक्षरमाला २००२ साली प्रसिद्ध झाली: १४ गुणसूत्रं आणि सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं. रक्तात तो दर ४८ तासांनी नवी पिढी काढतो, आणि भरात आलेल्या तापात एकाच माणसाच्या अंगात शंभर अब्जांच्या घरात परजीवी असू शकतात. प्रत्येक पिढीत ही अक्षरं उतरवून काढावी लागतात आणि उतरवताना अब्जावधी अक्षरांत एखादी चूक होते. हिशेब केला तर अंगावर काटा येतो. एकाच रुग्णाच्या रक्तात जवळजवळ प्रत्येक अक्षराची चूक कुठल्या ना कुठल्या परजीवीत होऊन गेलेली असते. बहुतेक चुका निकामी किंवा घातक असतात. एखादी मात्र औषध येण्याआधीच औषधाविरुद्ध उपयोगी पडेल अशी निघते.

परजीवी औषधाला ‘सरावतो’ असं आपण बोलतो. ते सोयीचं, पण दिशाभूल करणारं आहे. शेतकरी खळ्यावर भरलेली कणसं बियाण्यासाठी बाजूला काढतो, तेव्हा कणीस काही शिकत नाही, निवड शेतकऱ्याची असते. औषधाची अर्धीमुर्धी मात्रा रक्तात तेच करते. साधे परजीवी मरतात, चूक बाळगणारे उरतात आणि पुढच्या डासाबरोबर तेच पेरले जातात. पैलिनमध्ये ही निवड वर्षानुवर्षं, हजारो रक्तांत, न थांबता चालू होती.

क्लोरोक्विनचा जन्मच मुळात गैरसमजात झाला. जर्मनीत बायर कंपनीत हान्स आंडरझाग यांनी १९३४ साली ते बनवलं, रेसोचिन असं नाव दिलं. पण माणसाला ते विषारी ठरेल असं वाटून ते बाजूला पडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी त्याची नव्याने पारख केली, तेव्हा कळलं की हाती सोनं आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते सर्रास वापरात आलं. १९५५ साली मेक्सिको सिटीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हिवताप जगातून उखडायचाच, असा ठराव केला. भिंतींवर डीडीटी आणि पोटात क्लोरोक्विन अशी ती मोहीम होती.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला ही मोहीम आठवते ती घराच्या भिंतीवरून. हिवतापाचा कर्मचारी दारात यायचा, कुणाला ताप होता का विचारायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हातावर चार पांढऱ्या, जहर कडू गोळ्या ठेवायचा आणि भिंतीवर भेटीची तारीख लिहून पुढच्या घरी जायचा. त्या गोळ्या क्लोरोक्विनच्याच. भारतात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असावा असा अंदाज होता. १९६५च्या सुमारास नोंद झालेले रुग्ण एक लाखावर आले. एवढ्या यशाने कुणाचंही डोकं फिरलं असतं.

ब्राझीलमध्ये मारिओ पिनोटी या आरोग्य अधिकाऱ्याला एक कल्पना सुचली होती. अ‍ॅमेझॉनच्या रानात विखुरलेल्या माणसांपर्यंत गोळ्या पोहोचवणं अशक्य. पण मीठ सगळेच खातात. मग औषध मिठातच का मिसळू नये? १९५२ साली निघालेली ही पिनोटी पद्धत पुढे गयानात आणि न्यू गिनीच्या पश्चिम भागातही वापरली गेली. १९६०च्या आसपास ती पैलिनच्या खाणकामगारांसाठी आली. मिठात पायरिमेथामाइन आणि क्लोरोक्विन ही औषधं वापरली गेली.

कल्पना चतुर होती, यात शंका नाही. तिच्यातली खोट आज कुणालाही दिसते. मीठ कोण किती खातं याला माप नाही. घामाघूम खाणकामगार एक खातो, तान्हं मूल दुसरंच. रोज थोडंथोडं औषध सगळ्यांच्या रक्तात, पण परजीवीला पुरतं मारेल एवढं फारसं कुणाच्याच नाही. कणसं निवडायची याहून नामी सोय नव्हती. तरीही क्लोरोक्विनच्या पराभवाचं सगळं खापर मिठावर फोडणं अन्यायाचं होईल. सरहद्दीवरच्या पहिल्या खुणा मिठाच्या आधीच्या आहेत. मिठाने आगीत तेल ओतलं, एवढंच फार तर म्हणता येईल.

पायरिमेथामाइन तर फारच लवकर गेलं, आणि ते का गेलं हे समजलं की क्लोरोक्विन दहा वर्षं कसं टिकलं हेही कळतं. पायरिमेथामाइनविरुद्ध पहिली पायरी चढायला परजीवीच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल पुरतो. क्लोरोक्विनसाठी एवढ्याने भागत नाही.

परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. त्यातलं लोह धरून ठेवणारं हीम त्याला पचत नाही, उलट ते विषारी असतं. म्हणून तो त्याचे काळसर स्फटिक करून आपल्या अन्नकोष्ठात बाजूला रचतो. घरातला कचरा गाठोडी बांधून कोपऱ्यात ठेवावा तसं. क्लोरोक्विन अन्नकोष्ठात शिरतं आणि ही गाठोडी बांधू देत नाही. परजीवी आपल्याच उकिरड्यात मरतो. यातून सुटायला परजीवीने काय केलं ते २००० साली उघड झालं. सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात अन्नकोष्ठाच्या भिंतीतला एक दरवाजा लिहिलेला असतो. त्या प्रथिनाच्या ७६व्या जागेवरचा घटक बदलला की क्लोरोक्विन त्याच दरवाज्यातून बाहेर हाकललं जातं. मात्र एकट्या ७६व्या जागेने काम होत नाही. त्याबरोबर आणखी तीनचार किंवा त्याहून जास्त बदल हवेत, नाहीतर दरवाजा नीट चालतच नाही. इतके बदल एका परजीवीत जुळून येणं हा दुर्मीळ योग होता. २००२ साली जगभरच्या परजीवींचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा असं जुळून आल्याच्या जागा जेमतेम चार निघाल्या: दक्षिण अमेरिकेत दोन, न्यू गिनीकडे एक आणि आग्नेय आशियात एक.

हा आग्नेय आशियातला वंश फिरायला निघाला. खाणकामगार एका जागी बसत नाही. पैलिनचे खडे संपले की तो ब्रह्मदेशातल्या खाणींकडे वळतो, घरी जातो, रेल्वेच्या कामावर जातो. १९७३ साली क्लोरोक्विनला न जुमानणारा ताप भारतात आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये दिसला. पुढे भारताच्या मुख्य भूमीवर जो क्लोरोक्विनविरोधी परजीवी पसरला, त्याची अक्षरं बहुतांशी न्यू गिनीकडच्या घराण्याशी जुळतात, आणि ईशान्येत मात्र आग्नेय आशियाचं घराणं भेटतं. एकाच देशाच्या रक्तात दोन वाटांनी आलेले पाहुणे, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. १९७६ साली भारतातली नोंद पुन्हा ६४ लाखांच्या वर गेली. त्यामागे डीडीटीला न जुमानणारे डास होते, मोहिमेतली ढिलाई होती आणि काही प्रमाणात हा परजीवीही होता.

आफ्रिकेत तो १९७८ साली सापडला, केनिया आणि टांझानियात जाऊन आलेल्या परदेशी प्रवाशांच्या रक्तात. दहाएक वर्षांत खंडाच्या पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत त्याने मजल मारली. त्याच्या त्या जनुकाच्या शेजारची अक्षरं वाचली, तर ती आफ्रिकेची नव्हती. आग्नेय आशियाची होती. गुणसूत्राच्या त्या तुकड्याला जणू मूळ गावाचा शिक्का होता. सेनेगलमधल्या काही गावांत जन्ममृत्यूच्या काटेकोर नोंदी ठेवल्या जात असत. तिथे लहान मुलांचे हिवतापाने होणारे मृत्यू काही पटींनी वाढलेले दिसले. पैलिनच्या खड्ड्यांपासून बारा हजारांहून जास्त किलोमीटर दूर.

पुढचा प्रसंग आहे आफ्रिकेतल्या मलावीचा. १९९३ साली मलावीने क्लोरोक्विन देशभर थांबवलं आणि दुसरं औषध सुरू केलं. असं करणारा आफ्रिकेतला तो पहिला देश. आसपासचे देश क्लोरोक्विन वाटतच राहिले. १९९२ साली मलावीतल्या नमुन्यांपैकी ८५ टक्क्यांत ७६व्या जागेचा तो बदल होता. २००० साली तो १३ टक्क्यांवर आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्लँटायर शहरात क्लोरोक्विन दिलेल्या ८० मुलांपैकी एकाच मुलाच्या बाबतीत ते निष्फळ ठरलं. मेलेलं औषध जिवंत झालं होतं.

याचं कारण असं, की तो बदललेला दरवाजा परजीवीला फुकट पडत नाही. औषध बाहेर काढण्यासाठी वाकवलेलं प्रथिन आपलं रोजचं काम कमी चांगलं करतं. औषध आहे तोवर हा तोटा परवडतो. औषध गेलं की साधा परजीवी त्याच्यापेक्षा जोमाने वाढतो. मलावीत बदललेले परजीवी सुधारून पुन्हा पूर्ववत झाले नाहीत. कुठे कुठे तग धरून राहिलेले जुने, साधे परजीवी पुन्हा पसरले. अशा किमतीचा आणखी नाट्यमय दाखला अ‍ॅटोव्हाक्वोन या औषधात मिळतो. त्याविरुद्धचा बदल परजीवी चुटकीसरशी मिळवतो आणि माणसाच्या रक्तात ऐटीत जगतो. पण प्रयोगांत असं दिसलं की असा परजीवी डासाच्या अंगात गेला की तिथेच अडकतो, पुढे जाऊच शकत नाही.

पैलिनला मात्र क्लोरोक्विन मागे घेऊन शांत बसण्याची चैन मिळाली नाही.

१९७५ ते १९७९ ख्मेर रूज राजवटीने कंबोडियाची जी वाताहत केली ती सर्वांना ठाऊक आहे. व्हिएतनामी फौजांनी सत्तेवरून हाकलल्यावर त्यांचे उरलेले सैनिक थायलंडच्या सरहद्दीवरच्या रानात गेले, आणि त्या फौजा परतल्यावर १९८९ साली या सैनिकांनी पैलिन ताब्यात घेतलं. त्यांच्या लढाईचा खर्च आता यात आजीच्या ओढ्यातून निघू लागला. खडे आणि इमारती लाकूड थायलंडच्या व्यापाऱ्यांना विकायचं, बदल्यात पैसा आणि रसद. सरहद्दीपलीकडे थायलंडच्या त्रात प्रांतातलं बो राई हे गाव या धंद्यावर फुगलं. हजारो खाणकामगार रानातून अलीकडे येत, खणत, तापाने फणफणत परत जात. दवाखाना नाही, मोजमाप नाही. औषध म्हणजे टपरीवर मिळणाऱ्या पुडीतल्या चारदोन गोळ्या, खऱ्या किंवा बनावट. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन, मग मेफ्लोक्विन, एकेक औषध या पट्ट्यात काही वर्षांत निकालात निघालं. मेफ्लोक्विनविरुद्ध परजीवीने वेगळीच युक्ती वापरली: अक्षर न बदलता एका जनुकाच्या जादा प्रती काढल्या. एक पंप पुरत नसेल तर दोन बसवा.

दरम्यान आणखी एक औषध रंगमंचावर आलं होतं, आणि त्याचं येणंही या सरहद्दीच्याच पराभवाशी बांधलेलं होतं. व्हिएतनाम युद्धात रानातल्या सैनिकांना क्लोरोक्विन लागू पडेना. हो ची मिन्ह यांनी चीनकडे मदत मागितली, आणि २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. महिना पाचवा, तारीख तेवीस, म्हणून नाव प्रकल्प ५२३. त्यातल्या तू यूयू यांनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथांची पानं चाळली. चौथ्या शतकातल्या गे हाँग याने लिहिलं होतं की तापावर दवण्याच्या कुळातली एक वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून प्यावा. काढा करावा असं म्हटलेलं नव्हतं. तू यूयूंच्या ध्यानात आलं की उकळण्यानेच गुण जात असावा. १९७१ साली त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो प्रभावी ठरला. हेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

आर्टेमिसिनिनइतकं झपाट्याने परजीवी मारणारं औषध दुसरं नाही. पण ते रक्तात काही तासांतच ओसरतं, म्हणून सोबत हळू उतरणारं दुसरं औषध लागतं. हा नियम कागदावर उशिरा आला. कंबोडियात आर्टेमिसिनिन आणि त्याची भावंडं बरीच वर्षं एकेकटी, टपरीवर, सुटी विकली गेली. एकट्या गोळ्यांवर तिथे बंदी आली ती २००९ साली. त्याच वर्षी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पैलिनमधल्या ४० रुग्णांची तुलना थायलंडच्या पश्चिमेला वांग फा इथल्या ४० रुग्णांशी केली होती. वांग फामध्ये रक्तातला परजीवी नाहीसा व्हायला लागलेल्या वेळेचा मध्यक ४८ तास होता, पैलिनमध्ये ८४.

जनुक सापडायला आणखी काही वर्षं गेली, आणि ते सापडलं ते चिकाटीच्या प्रयोगातून. टांझानियातून आणलेल्या एका परजीवीला प्रयोगशाळेत पाच वर्षं आर्टेमिसिनिनचे वाढते डोस दिले. जो जगला त्याचा जनुकसंच मूळच्याशी अक्षर न् अक्षर ताडला. तेराव्या गुणसूत्रावरच्या केल्च १३ नावाच्या जनुकात बदल दिसला. मग कंबोडियातल्या रुग्णांचे परजीवी तपासले, तर त्यांच्यातही त्याच जनुकात बदल होते, बहुतेकांत ५८०व्या जागेवर. २०१४ सालची ही गोष्ट. हे जनुक परजीवीच्या जेवणाशीच संबंधित निघालं. त्याच्या मदतीने परजीवी हिमोग्लोबिनचे घास आत घेतो, आणि आर्टेमिसिनिन जागं होतं ते त्या घासातून सुटलेल्या हीममुळे. बदललेला परजीवी कोवळ्या वयात कमी खातो, औषध नीट जागं होत नाही, आणि ते रक्तातून ओसरेपर्यंत हा उपाशी तग धरतो. क्लोरोक्विन असो की आर्टेमिसिनिन, दोन्ही परजीवीच्या ताटातूनच त्याच्यावर वार करतात. त्याचीही सुटका ताटाशीच.

२०१०च्या आसपास कंबोडियाने आर्टेमिसिनिनच्या जोडीला पिपराक्विन दिलं. तेही काही वर्षांत ढासळलं. या खेपेला परजीवीने प्लास्मेप्सिन या जनुकांच्या जादा प्रती काढल्या. ही प्रथिनं कशासाठी, तर हिमोग्लोबिन पचवण्यासाठी! दोन्ही शस्त्रं बाळगणारा एकच वंश पश्चिम कंबोडियातून लाओस, थायलंड आणि व्हिएतनामपर्यंत पोहोचला.

पैलिनच पुन्हा का, याचं अर्धं उत्तर खाणीतल्या माणसांत आहे. उरलेलं डासाच्या पोटात. परजीवींचं मीलन डासात होतं. आफ्रिकेत एका माणसाला एकाच वेळी अनेक वाणांची लागण असते, ती डासात एकत्र येतात आणि जमून आलेली बदलांची जुळणी पत्त्यांसारखी पिसली जाते. कंबोडियात लागण विरळ. रुग्णात बहुधा एकच वाण. डासाने ते ओढलं की त्याची गाठ स्वतःशीच. चारपाच बदलांची दुर्मीळ जुळणी तिथे मोडत नाही, तशीच्या तशी पुढे जाते. २०१३ साली पश्चिम कंबोडियातल्या परजीवींचे जनुकसंच वाचले, तेव्हा एवढ्याशा प्रदेशात एकमेकांत न मिसळणारे अनेक कळप दिसले, आडगावात रोटीबेटी बंद करून बसलेल्या घराण्यांसारखे.

या कथेत एक खेळकर वळणही आहे. मेफ्लोक्विन मागे घेतल्यावर परजीवींनी त्या जादा प्रती टाकून दिल्या होत्या, त्या सांभाळणं महाग पडत असावं. मग पिपराक्विन फसल्यावर कंबोडियाने जुनं मेफ्लोक्विन कपाटातून पुन्हा काढलं, आणि ते लागू पडलं. आता काही ठिकाणी दोनऐवजी तीन औषधं एकत्र देऊन पाहिली गेली आहेत, परजीवीला एकाच वेळी परस्परविरोधी दिशांना ओढायचं अशा हिशेबाने.

पैलिनमधले ख्मेर रूज १९९६ साली सरकारला मिळाले. खडे जवळजवळ संपले. आता हा प्रदेश लिचीच्या जातकुळीतल्या लोंगान फळांच्या बागांसाठी ओळखला जातो. गावोगावचे हिवताप स्वयंसेवक, मच्छरदाण्या आणि वेळेवरची तपासणी यांमुळे कंबोडियात २०१८ साली हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

सगळ्यांचं लक्ष आग्नेय आशियातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या वाटेवर होतं, कारण क्लोरोक्विनविरोधी परजीवी त्या वाटेनेच गेला होता. २०२० साली रवांडातून बातमी आली. तिथल्या मसाका या ठिकाणी २०१४-१५ मध्ये घेतलेल्या २५७ नमुन्यांपैकी १९ परजीवींच्या केल्च १३ जनुकात ५६१व्या जागेवर बदल होता. शास्त्रज्ञांनी त्याच्या शेजारची अक्षरं वाचली, गावाचा शिक्का शोधला. शिक्का आशियाचा नव्हता. तो बदल रवांडातच जन्मला होता.